मत देण्याआधी प्रत तपासा

जुन्या चित्रपटांबद्दलची काही मतं इतकी रुळली आहेत की ती कुणी तपासून पाहत नाही. मूकपटातली माणसं तुरुतुरु पळतात. तीस-चाळीसच्या दशकातले आवाज चिरके आणि अभिनय नाटकी. कृष्णधवल चित्रपट मळकट. नव्या चित्रपटांबद्दलही अशी ठरलेली वाक्यं आहेत: संवाद कळत नाहीत, पडदाभर अंधार, मधला अर्धा तास उगाच ताणलेला. यातल्या बऱ्याच तक्रारींचा उगम चित्रपटात नसून बोलणाऱ्याच्या समोर आलेल्या प्रतीत असतो. चुकीच्या वेगाने, छाटलेल्या चौकटीत, कापलेल्या लांबीत किंवा नको तितकी घासूनपुसून चकचकीत केलेली प्रत पाहायची आणि निकाल मात्र दिग्दर्शकावर द्यायचा, हे समीक्षेत सर्रास चालतं. माझं म्हणणं सरळ आहे. चित्रपटावर जाहीर मत देणाऱ्याने आपण कुठली प्रत पाहिली, ती किती लांबीची होती आणि कशी दाखवली गेली, हे सांगितलं पाहिजे. प्रेक्षकांपर्यंत चित्रपट पोचवणाऱ्यांवर तर हे सांगण्याचं बंधनच हवं.

वेगापासून सुरुवात करू. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तीत सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ तीन आण्यांत दाखवण्याचं आश्वासन होतं. हा आकडा खरा धरून हिशेब करा. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवला जाई आणि सेकंदाला साधारण सोळा ते वीस चित्रं घेतली जात. सोळाच्या वेगाने ५७,००० चित्रं दाखवायला जवळपास ५९ मिनिटं लागतात. बोलपट आल्यावर वेग सेकंदाला चोवीस चित्रांवर पक्का झाला. त्या वेगाने तीच फिल्म ४० मिनिटांत संपते. एक तृतीयांश वेळ गायब, आणि प्रत्येक पात्र दीडपट वेगाने हलतं. तारामतीच्या दुःखाला थांबायला जागा उरत नाही, राजाचं चालणं हास्यास्पद होतं. पुढे ‘त्या काळी अभिनय असाच असायचा’ असा शेरा मारला जातो. त्या काळचा अभिनय ठळक हावभावांचा होता हे खरंच आहे, पण तो किती ठळक होता हे योग्य वेगाची प्रत पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही. त्यातही आज उपलब्ध असलेली रिळं १९१३ ची की फाळक्यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या पहिल्याच पानावर प्रतीचा प्रश्न उभा आहे.

लांबीचा प्रश्न याहून गंभीर. फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये पूर्ण लांबीत दाखवला गेला आणि लगेचच कापला गेला. अमेरिकेसाठीच्या आवृत्तीतून हेल नावाच्या स्त्रीचा संदर्भच काढून टाकला, कारण तिचं नाव इंग्रजीतल्या ‘नरक’ या शब्दासारखं ऐकू येतं. आता या हेलचं कथेतलं स्थान पाहा. शास्त्रज्ञ रोटवांगचं तिच्यावर प्रेम होतं, तिने लग्न केलं शहराच्या मालकाशी आणि मुलाला जन्म देताना ती गेली. रोटवांग यंत्रस्त्री घडवतो ती हेलला परत मिळवण्यासाठी. हे काढलं की उरतो विस्कटलेल्या केसांचा एक माथेफिरू, जो विनाकारण शहर बुडवायला निघाला आहे. अनेक दशकं ‘दृश्यं थोर, कथा पोरकट’ हे मत या चित्रपटाला चिकटलं होतं. २००८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या एका संग्रहालयात १६ मिमीची ओरखड्यांनी भरलेली, पण जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. तिच्यातली सुमारे २५ मिनिटं जोडून २०१० मध्ये नवी आवृत्ती आली. जोडलेले भाग खरवडलेले आणि आखूड चौकटीत दिसतात. ते तसेच ठेवले ही दुरुस्ती करणाऱ्यांची प्रामाणिक वागणूक, कारण कुठलं काय कुठून आलं हे प्रेक्षकाला डोळ्यांनी कळतं. हेलच्या स्मारकापुढे दोन पुरुष समोरासमोर येतात तो प्रसंग पाहिल्यावर रोटवांग माणूस वाटू लागतो.

पण पूर्ण प्रत मिळाली म्हणून चित्रपटाचे सगळे दोष माफ होत नाहीत. मालक आणि मजूर यांचा झगडा शेवटी एका हस्तांदोलनावर मिटवण्याचा भाबडेपणा पूर्ण आवृत्तीतही तितकाच खुपतो. उलट आता तो जास्त खुपतो, कारण बाकीची मांडणी पक्की असल्याचं दिसतं. प्रत तपासण्याचा फायदा नेमका हा आहे: कात्रीचा दोष कुठला आणि लेखक-दिग्दर्शकाचा कुठला, हे वेगळं करता येतं.

आपल्याकडचं याच जातीचं उदाहरण ‘शोले’. १९७५ च्या ऑगस्टमध्ये, आणीबाणी लागू असताना, चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात ठाकूर गब्बरला तुडवत असताना पोलीस येतात, कायद्याची आठवण करून देतात आणि ठाकूर थांबतो. रमेश सिप्पींनी मुळात चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो. सेन्सॉरच्या आग्रहामुळे तो बदलावा लागला. मूळ शेवट असलेली दुरुस्त प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. मधल्या पन्नास वर्षांत ‘शोले’च्या नैतिकतेवर जे लिहिलं गेलं, सूडाची कथा अखेर राज्यसंस्थेपुढे मान तुकवते वगैरे, ते सेन्सॉरच्या हस्तक्षेपाचं विश्लेषण होतं. माझ्या मते मूळ शेवट कथेशी अधिक इमान राखतो. हात नसलेल्या माणसाचे खिळे ठोकलेले बूट इतक्या तयारीने दाखवल्यानंतर पोलिसांनी येऊन भाषण करणं हा जोड दिसण्याइतका ढोबळ आहे. तरीही प्रदर्शित आवृत्ती इतिहासातून पुसता कामा नये. लोकांनी पन्नास वर्षं तीच पाहिली, तिचे संवाद पाठ केले, आणि त्या वेळचं सरकार पडद्यावर काय सहन करत नव्हतं याचा तो पुरावा आहे. दोन्ही आवृत्त्या हव्यात, दोन्हींवर स्पष्ट लेबल हवं.

रंग भरण्याबाबत मात्र माझं मत इतकं समजूतदार नाही. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) बहुतांश कृष्णधवल आहे. शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ आणि शेवटाकडचा भाग रंगीत. दीड तासाहून अधिक काळ डोळे करड्या छटांना सरावतात, आणि अनारकली बादशहासमोर उभी राहून उघड बोलते त्या क्षणी पडदा रंगांनी भरतो. बंड आणि रंग एकत्र येतात. २००४ मध्ये संपूर्ण चित्रपट रंगवला गेला आणि सुमारे वीस मिनिटांनी आखूडही केला गेला. तांत्रिक काम मेहनतीचं होतं, नव्या पिढीने चित्रपटगृहात जाऊन तो पाहिला, हे मान्य. पण सगळंच रंगीत झाल्यावर शीशमहाल हे अनेक भव्य दालनांपैकी एक दालन उरतं. शिवाय आर. डी. माथुर यांची प्रकाशयोजना काळ्या-पांढऱ्याचा विचार करून केलेली. तिथे चेहऱ्याचा उठाव सावलीतून येतो. त्या सावलीवर गुलाबी त्वचेचा थर चढवला की चेहरा सपाट होतो. रंगीत प्रत पाहून ‘भव्य पण सजावटी’ असं मत झालेल्यांनी कृष्णधवल प्रत पाहावी एवढंच म्हणेन.

चौकटीची छाटणी ही रोजची गोष्ट, आणि सहसा कुणाच्या लक्षातही न येणारी. १९५० च्या दशकाआधीचे बोलपट साधारण १.३७:१ या, म्हणजे रुंदी उंचीच्या जेमतेम सव्वापट-दीडपट असलेल्या चौकटीत चित्रित होत. आजचा टीव्ही १.७८:१ चा. बाजूच्या काळ्या पट्ट्या प्रेक्षकाला आवडत नाहीत म्हणून चित्र मोठं करून पडदा भरला, की उंचीतला २३ टक्के भाग जातो. डोक्याचा वरचा भाग आणि खाली हात, पाय, जमीन. चित्र आडवं ताणलं तर सगळे जाडजूड दिसतात. उलट्या बाजूने, २.३९:१ चा रुंद चित्रपट टीव्हीभर केला तर रुंदीतला पाव हिस्सा जातो, आणि सहसा तिथेच ऐकणारं पात्र उभं असतं. संवाद दोघांचा, पडद्यावर एकटा बोलणारा. मग समीक्षक ‘दिग्दर्शकाला समूहदृश्यांची समज नाही’ असं लिहितो. छाटणी ओळखणं अवघड नाही. श्रेयनामावलीतली अक्षरं कडेला टेकलेली आहेत का, मध्यम अंतराच्या दृश्यात कपाळं सतत कापली जातात का, कॅमेरा स्थिर असताना चित्र यांत्रिकपणे डावी-उजवीकडे सरकतं का, एवढं पाहिलं तरी पुरतं.

मराठी चित्रपटांचं या बाबतीत फार नुकसान झालं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले कितीतरी चित्रपट आज लोकांना माहीत आहेत ते जुन्या व्हीसीडीवरून चढवलेल्या प्रतींमुळे. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, म्हणजे एकूण एक लाखाच्या आसपास. ३५ मिमी निगेटिव्हवरून आज जी ४के प्रत निघते तिच्यात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. रात्रीचा प्रसंग व्हीसीडीवर काळा चिखल होतो. त्यात २४ चित्रांची फिल्म २५ चित्रांच्या टीव्ही-पद्धतीत बसवताना वेग चार टक्क्यांनी वाढतो: तीन तासांचा चित्रपट १७३ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टीही चढते. पेटीवर काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात जेवढं अंतर आहे, त्याच्या दोनतृतीयांशाहून किंचित जास्त. गायकाचा आवाज पातळ वाटतो तो यामुळेही असू शकतो. ‘सामना’ (१९७५) किंवा ‘सिंहासन’ (१९७९) यांच्या दृश्यभाषेवर बोलणाऱ्याने आधी सांगावं, त्याने त्या चित्रपटांचं दृश्य खरोखर पाहिलं आहे का.

‘संत तुकाराम’ (१९३६) हे आवाजाचं उदाहरण म्हणून घेता येईल. त्या काळच्या प्रकाशमुद्रित ध्वनिपट्टीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर फारसं काही हाती लागत नाही. खरखर काढण्याच्या नादात त्याखालच्या आवाजावरही कात्री चालवली, की टाळांचा किणकिणाट आणि ‘स’, ‘श’ यांचे उच्चार त्या खरखरीबरोबर जातात. उरतो घोंगडीखालून आल्यासारखा आवाज. थोडी खरखर ठेवलेली प्रत ऐकली तर विष्णुपंत पागनीसांच्या आवाजातला संथ ठेहराव आणि गौरी यांच्या जिजाईचा रोखठोक, तोंडाळ, पोटाच्या भुकेतून आलेला स्वर यांतला विरोध लख्ख कळतो. चित्रपटाचा खरा ताण त्या विरोधात आहे. चमत्कारांची दृश्यं आज थोडी बाळबोध वाटतात, पण जिजाई वाटत नाही. तिच्यामुळे हा चित्रपट भक्तिपट म्हणून बाजूला सारता येत नाही.

नव्या चित्रपटांची प्रत सुस्थितीत असते हा समज चुकीचा आहे. ती बिघडवण्याची साधनं आता प्रेक्षकाच्याच हातात आहेत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) ११६ मिनिटांचा. मोबाइलवर दीडपट वेगाने तो ७७ मिनिटांत उरकता येतो. पण त्यात न्यायाधीश एकेक वाक्य टंकलेखनिकाला सांगतात, कॅमेरा दूर आणि स्थिर राहतो, तारीख पडते, लोक उठतात, दुसरे बसतात. खटल्यातला आरोपी नारायण कांबळे याच्यावर अन्याय होतो तो याच कंटाळवाण्या, सभ्य, रोजच्या संथपणातून. तो वेग वाढवला की अन्यायच काढून टाकल्यासारखं होतं. सुट्टी लागते तेव्हा कोर्टाचे दिवे बंद होतात आणि पडदा काही वेळ काळा राहतो. तो अंधार किती वेळ टिकतो यावर पुढच्या सहलीच्या दृश्याचा आघात अवलंबून आहे. ‘कोर्ट’ला संथ म्हणणं बरोबर आहे, पण तो दोष आहे असं म्हणायचं तर तो मूळ वेगात आणि पाठीमागचे चेहरे दिसतील एवढ्या पडद्यावर पाहून म्हणा. ‘सैराट’च्या (२०१६) शेवटाचंही तसंच. तिथे आवाज काढून घेतला आहे. शेजारी गाड्यांचा गोंगाट चालू असताना पाहिलेला तो शेवट वेगळाच असतो.

संवाद ऐकू येत नाहीत ही तक्रार ‘टेनेट’पासून (२०२०) फार वाढली. त्या चित्रपटात ती दिग्दर्शकाची निवड होती आणि ती मला चुकलेली वाटते, कारण कथा समजायला जे वाक्य लागतं नेमकं तेच गडगडाटात बुडतं. पण इतर अनेक चित्रपटांत दोष घरच्या जोडणीचा असतो. संवाद बहुधा मधल्या स्पीकरच्या मार्गिकेत असतात. सहा मार्गिकांचा आवाज दोनमध्ये मिसळताना मधली मार्गिका सहसा तीन डेसिबलने कमी करून डाव्या-उजव्यात टाकली जाते. टीव्हीच्या पाठीमागे तोंड असलेले स्पीकर उरलेलं काम करतात. ध्वनीच्या सेटिंगमध्ये ‘स्टीरिओ’ निवडलं आणि रात्रीचा किंवा संवाद-स्पष्टतेचा पर्याय लावून पाहिला, तरी बराच फरक पडतो. अंधाराचंही तसंच. चित्रपटगृहातल्या पडद्याची उजेडाची ठरलेली पातळी सुमारे ४८ निट्स आहे. दिवा जुना झाला, किंवा थ्रीडीची भिंगं प्रोजेक्टरवर तशीच राहिली, तर ती बरीच खाली येते. ‘द बॅटमॅन’ (२०२२) मुळातच काळोखात रंगवलेला आहे. मंद पडद्यावर त्या काळोखातल्या छटा एकमेकींत मिसळतात आणि चिडचिड होते.

टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय तर मी खलनायकच मानतो. दोन चित्रांच्या मध्ये यंत्र स्वतःच्या अंदाजाने नवी चित्रं घालतं, आणि कुठलाही चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. ‘ट्रूमोशन’, ‘मोशनफ्लो’, ‘ऑटो मोशन प्लस’ अशी तिची नावं आहेत. ती बंद करा, किंवा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा. ‘द हॉबिट’ (२०१२) सेकंदाला ४८ चित्रांनी मुद्दाम चित्रित झाला होता. तिथे नेपथ्य खोटं दिसतं ही टीका पीटर जॅक्सन यांच्यावर न्याय्य आहे. टीव्हीने केलेल्या खोटेपणाची टीका त्यांच्यावर नको.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारा बिघाड हल्ली वाढतो आहे. फिल्मवरचे कण हेच चित्राचं द्रव्य. ते पुसले की त्यांच्याबरोबर त्वचेचा पोत, केस, कापडाची वीण जाते. ‘ट्रू लाइज’ची (१९९४) २०२४ मधली ४के आवृत्ती पाहा. चेहरे मेणाचे, आणि यंत्राने कल्पनेने भरलेले बारकावे भलत्याच जागी तीक्ष्ण. याउलट ‘पथेर पांचाली’. १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत तिची मूळ निगेटिव्ह जळाली होती. ठिसूळ झालेल्या पट्ट्यांना रसायनांनी पुन्हा ओलावा देऊन, हाताने जोडून, जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे इतर प्रतींचा आधार घेऊन ती उभी केली गेली. २०१५ मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा काशवनातला प्रत्येक तुरा वेगळा दिसत होता, आणि फिल्मचा कणही शाबूत होता.

आक्षेप असा येतो की दिग्दर्शकाची शेवटची आवृत्ती हीच खरी मानावी, मग वाद मिटेल. मला हे पटत नाही. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) दिग्दर्शकानेच २००१ मध्ये सुमारे ४९ मिनिटांनी वाढवला. फ्रेंच मळ्यातला तो लांबलचक प्रसंग विचार म्हणून रंजक आहे, पण नदीतला प्रवास जिथे आवळत जायला हवा तिथे सैल पडतो. वाँग कार-वाई यांनी ‘फॉलन एंजल्स’ची (१९९५) चौकटच नव्या आवृत्तीत रुंद केली. निर्मात्याला वय वाढल्यावर आपल्या जुन्या कामात फेरफार करावासा वाटला तर तो त्याचा हक्क आहे. मूळ काम लपवण्याचा हक्क नाही. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ त्याच्या पहिल्या रूपात अनेक वर्षं चांगल्या प्रतीत घरी पाहताच येत नव्हता, कारण १९९७ पासून बदललेली रूपंच पुढे केली गेली. त्या वर्षांत चित्रपट शिकणाऱ्यांनी कशाचा अभ्यास केला असेल?

दुसरा आक्षेप: सामान्य प्रेक्षकाने या भानगडीत का पडावं? त्याने पडू नये, आवडलं-नावडलं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. पण छापील किंवा ध्वनिमुद्रित परीक्षण करणाऱ्याला ही सूट नाही. त्याला करायचं ते पंधरा मिनिटांचं काम आहे. प्रथम प्रदर्शनाच्या वेळची लांबी शोधायची आणि समोरच्या प्रतीशी ताडायची. बोलपटात फरक चार टक्क्यांचा असेल तर वेगाचा प्रश्न, त्याहून जास्त असेल तर कात्रीचा. भारतीय चित्रपटाच्या सुरुवातीला प्रमाणपत्र दिसतं तिथे थांबायचं. जुन्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते, ३५ मिमीची २७.४ मीटर फिल्म म्हणजे एक मिनिट, तेव्हा ५,००० मीटर म्हणजे साधारण १८२ मिनिटं. खालच्या कोपऱ्यात त्रिकोण असेल तर सेन्सॉर मंडळाने काटछाट सुचवली होती. मग चौकट, मग भाषा: मूळ संवाद की डबिंग, आणि उपशीर्षकं गाण्यांचीही आहेत का. गाण्यात कथा पुढे सरकत असताना अनुवाद गायब असेल, तर परभाषक समीक्षकाला ते गाणं अडथळाच वाटणार.

हे आता तातडीचं का झालं आहे, तर बदल दिसेनासे होत चालले आहेत म्हणून. जुन्या कात्रीने उडी तरी दिसायची. २०२३ मध्ये भारतात ‘ओपनहायमर’ पाहणाऱ्यांना एका प्रसंगात अभिनेत्रीच्या अंगावर संगणकाने चढवलेला काळा पोशाख दिसला. अनेकांनी तो दिग्दर्शकाचाच समजला असणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ‘रांझणा’ची (२०१३) तमिळ आवृत्ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेल्या सुखान्तासह पुन्हा प्रदर्शित झाली, नायक त्यात जगतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि अभिनेता धनुष यांनी उघड विरोध केला, तरी खेळ झाले. मालकी ज्याच्याकडे त्याला कराराने असे फेरफार करता येत असतील, तर निदान पडद्यावर, तिकिटावर आणि घरबसल्या पाहण्याच्या यादीत चार गोष्टी छापणं सक्तीचं करावं: मूळ प्रदर्शनाची लांबी आणि या प्रतीची लांबी, मूळ चौकट आणि ही चौकट, प्रत कशावरून बनवली, आणि कुणाच्या संमतीने काय बदललं. खाद्यपदार्थाच्या पुडीवर यापेक्षा जास्त मजकूर असतो. आणि बदललेली प्रत बाजारात आणणाऱ्याने मूळ प्रत तितक्याच सहज उपलब्ध ठेवली नाही, तर त्या प्रदर्शनाचं प्रमाणपत्र रोखण्याचा अधिकार मंडळाला द्यावा. मंडळाने आजवर कात्री बरीच चालवली आहे, एखादं मूळ काम राखण्यासाठीही त्याचा अधिकार वापरला जावा.